वाचकांचे प्रश्न : रायफलीची बैठक इपॉक्सीने घरच्या घरी बसवता येईल का?

प्रश्न : मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो आणि हरणाच्या हंगामात शिकारीला जातो. माझ्याकडे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली जुनी रेमिंग्टन ७०० (.३०-०६) रायफल आहे. पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी लागतात, तिसरी मात्र भरकटते. शिवाय पावसाळी हवेत जुळवलेला नेम कोरड्या थंडीत सरकलेला आढळतो. इथले मित्र म्हणतात की अ‍ॅक्शनचे ‘ग्लास बेडिंग’ करून घे, म्हणजे नळीमागचा काडतूस उडवणारा पोलादी भाग (अ‍ॅक्शन) दस्त्यात इपॉक्सीवर, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेवर, नीट बसवून घे. हे काम मला घरी जमेल का, कोणते इपॉक्सी घ्यावे आणि त्यात धोका कोणता?

उत्तर : हे काम घरी जमण्यासारखे आहे. परंतु इपॉक्सी आणण्यापूर्वी दोष खरोखर दस्त्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण दुर्बिणीच्या माउंटचा एखादा सैल स्क्रूही हुबेहूब अशीच लक्षणे दाखवतो. रायफल रिकामी करून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावे, माउंटचे सर्व स्क्रू पाहावेत, आणि मग एक डॉलरची नोट नळी व दस्ता यांच्यामधून टोकाकडून अ‍ॅक्शनच्या दिशेने सरकवून बघावी. आपल्या रायफलीत ती बहुधा सुरुवातीलाच अडेल. लाकडी दस्त्याच्या ७०० मध्ये कारखान्यानेच दस्त्याच्या पुढच्या टोकाशी एक उंचवटा ठेवलेला असतो आणि तो नळीला खालून दाबून धरतो. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि त्यासोबत हा दाबही कमी-जास्त होतो. गोळ्या झाडून नळी तापली की तिचे या टोकाशी असलेले नाते पुन्हा बदलते. आपण सांगितलेल्या दोन्ही तक्रारींचा उगम इथे असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. चुंबकी बैठकीचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) नळीवर बसवून त्याची सुई दस्त्याच्या टोकाला टेकवावी आणि अ‍ॅक्शनचा पुढचा स्क्रू हळूहळू सैल करावा. काटा दोन हजारांश इंचापेक्षा (सुमारे ०.०५ मि.मी.) कमी हलला तर बैठक ठीक आहे. पाच हजारांश किंवा त्याहून जास्त हलला तर स्क्रू आवळताना पोलादी अ‍ॅक्शन वाकवली जात आहे, असे निश्चित समजावे. वाकलेली अ‍ॅक्शन प्रत्येक धक्क्यागणिक थोडी वेगळ्या जागी स्थिरावते आणि मग कितीही उत्तम काडतूस वापरले तरी नेम टिकत नाही.

लाकडाचा हा स्वभाव अमेरिकी सैन्यालाही महागात पडला होता. १९६६ मध्ये मरीन कोअरने याच ७०० वर आधारलेली एम-४० ही नेमबाजीची रायफल अक्रोडाच्या दस्त्यासह घेतली. व्हिएतनामच्या दमट हवेत ते दस्ते फुगून वाकू लागले, आणि पुढे एम-४०ए१ साठी फायबरग्लासचे दस्ते स्वीकारावे लागले.

आता इपॉक्सीविषयी. पाच मिनिटांत घट्ट होणारे घरगुती इपॉक्सी या कामाला अजिबात वापरू नये. ते हातातच घट्ट होऊ लागते आणि अ‍ॅक्शन नीट बसवायला वेळ देत नाही. ब्राउनेल्सचे ‘अ‍ॅक्राग्लास जेल’ नवख्या माणसाला सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचे दोन्ही भाग समप्रमाणात मिसळायचे असतात आणि ते ओघळत नाही. ‘डेव्हकॉन’ची पोलादमिश्रित लांबी (पुट्टी) अधिक कडक होते, परंतु तिचे प्रमाण आकारमानाने २.५ भागांस १ भाग असे असल्यामुळे मोजमाप काटेकोर ठेवावे लागते. काम घरातच, साधारण २१ अंश सेल्सिअस तापमानात करावे. नोव्हेंबरातल्या थंड गॅरेजमध्ये इपॉक्सी कित्येक दिवस चिकटच राहील. हातमोजे घालणे ऐच्छिक समजू नये, कारण हार्डनरची (इपॉक्सी कडक करणाऱ्या भागाची) अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती जन्मभर सोबत करते.

या कामात खरा वेळ तयारीत जातो, आणि तो जायलाच हवा. इथे इपॉक्सी म्हणजे डिंक नव्हे. ते अ‍ॅक्शनच्या पोटाचा एक साचा बनवणार आहे आणि कडक साच्यातून मूर्ती सुटायची असेल तर तिला कुठेही खाली खाच असून चालत नाही, हे गणपतीचे साचे हाताळणाऱ्या कोणालाही पटेल. म्हणून ट्रिगर अडकवणाऱ्या दोन पिना काढून ट्रिगर बाजूला ठेवावा. पिनांची भोके, बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा सरकता दांडा) अडवणाऱ्या खटक्याची खाच, मॅगझिनच्या कडा अशी प्रत्येक पोकळी मुलांच्या खेळण्याच्या मातीने भरून ब्लेडने पृष्ठभागाशी सपाट करावी. एक पिनभोक जरी राहिले तरी त्यात शिरलेले इपॉक्सी कडक होऊन खिळ्यासारखे काम करते आणि अ‍ॅक्शन दस्त्यातच अडकून बसते. घरी केलेल्या बेडिंगमध्ये होणारा सर्वांत मोठा अपघात हाच.

त्यानंतर रिकॉइल लग, म्हणजे नळी आणि रिसीव्हर (अ‍ॅक्शनचे पोलादी कवच) यांच्यामध्ये बसलेली जाड पोलादी पट्टी. गोळी सुटताना मागे येणारा धक्का या पट्टीची मागची बाजू दस्त्यावर घेते, त्यामुळे तेवढी बाजू इपॉक्सीला पूर्णपणे भिडली पाहिजे. पुढची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांवर मात्र चिकटपट्टीचा एक जाडसर थर लावावा, म्हणजे पट्टी काढल्यावर तिथे बारीक फट राहील. ही फट नसली तर लग खाचेत फसतो, आणि पुढे दरवेळी अ‍ॅक्शन काढताना-बसवताना नव्या बैठकीच्या कडा खरवडल्या जातात.

दस्त्यातले लाकूड पटाशीने लगच्या मागे, रिसीव्हरच्या पुढच्या कड्याखाली आणि मागच्या शेपटाखाली दोन-तीन मिलिमीटर खोल काढावे. उंची चुकू नये म्हणून शेपटाच्या कडेला मूळ लाकडाची अरुंद पट्टी तशीच ठेवावी. काढलेला भाग खडबडीत असू द्यावा, म्हणजे इपॉक्सीची पकड चांगली बसते. मग अ‍ॅक्शन, लग, स्क्रू, ज्या ज्या पोलादाला इपॉक्सी लागू शकेल त्या सर्वांवर बुटाच्या रंगहीन मेणपॉलिशचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हात सुकल्यावर पुसून चमकवावा. एक नखाएवढी जागा कोरडी राहिली तरी अ‍ॅक्शन तिथे चिकटेल.

प्रत्यक्ष बसवताना पाळण्याची मुख्य गोष्ट ही की अ‍ॅक्शन स्क्रूंनी आवळायची नाही. डोकी कापलेले लांब स्क्रू केवळ दिशा दाखवण्यासाठी लावावेत. नळीच्या पुढच्या टोकाजवळ चिकटपट्टीचे वेढे देऊन ती खोबणीत मधोमध आणि योग्य उंचीवर टेकवावी, आणि अ‍ॅक्शनभोवती रबरी नळीचे काही वेढे घेऊन ती हलकेच खाली धरून ठेवावी. स्क्रू आवळून इपॉक्सी कडक केले, तर पूर्वीचा वाक जसाच्या तसा नव्या बैठकीत गोठवल्यासारखे होईल आणि सर्व श्रम वाया जातील. आधी लगच्या खाचेत इपॉक्सी काडीने तळापर्यंत दाबून भरावे, म्हणजे हवा अडकणार नाही. मग बाकीचे पसरून अ‍ॅक्शन सरळ खाली दाबावी. कडेने सारखी पातळ धार बाहेर आली म्हणजे आत पोकळी राहिलेली नाही. ही धार ओली असतानाच पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने पुसली तर नंतर कानस चालवावी लागत नाही.

उरलेले मिश्रण पुठ्ठ्यावर ठेवावे. ते नखाने दबते आहे तोवर रायफलीला हात लावू नये. साधारण २४ तासांनी स्क्रू काढून, नळी वर उचलत, दस्त्यावर रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. अ‍ॅक्शन सुटली नाही तर जोर लावू नये. रायफल रात्रभर डीप-फ्रीझरमध्ये ठेवावी. पोलाद आकसते आणि बहुतेक वेळा सकाळी सुटते.

यानंतर स्क्रूंची भोके जरा मोठी करावीत, जेणेकरून स्क्रूची दांडी कडेला घासणार नाही, आणि दस्त्याच्या टोकाचा तो उंचवटा घासून नळी पूर्ण मोकळी करावी. उघडे पडलेले लाकूड वॉर्निशने बंद करावे. डायल गेजची तपासणी पुन्हा करून स्क्रू टॉर्क-रेंचनेच (ठरावीक पिळापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. नुसत्या लाकडात सुमारे ४५ इंच-पाउंड पुरेत. ६५ इंच-पाउंड लावायचे असतील तर स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमचे खांब बसवलेले असावेत, अन्यथा लाकूड चेपते.

ट्रिगर काढलेलाच आहे, तर तो कोणता आहे हेही पाहून घ्यावे. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या रायफलींतील ‘एक्स-मार्क प्रो’ ट्रिगर कंपनीने २०१४ मध्ये परत मागवले होते. आपली रायफल जुनी असली तरी ट्रिगर नंतर बदललेला असू शकतो. तो पुन्हा बसवल्यावर सेफ्टीची चाचणी रिकाम्या रायफलीवर अनेकदा घ्यावी आणि मगच काडतूस भरावे.

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात ५० मीटर रायफल प्रकाराचा सराव करते. तिच्या .२२ रायफलीचा लाकडी दस्ता जुना आहे. मी सुतारकाम जाणतो. हेच काम मी घरी केले तर?

उत्तर : करू नये. अमेरिकेत स्वतःच्या रायफलीवर असे काम करायला केंद्रीय परवाना लागत नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती हेही परवान्याचे काम आहे, आणि बेडिंग दुरुस्तीत मोडत नाही असे गृहीत धरून परवानाच धोक्यात घालणे मुलीच्या हिताचे नाही. परवानाधारक आर्मररकडेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) ते सोपवावे.

तत्पूर्वी दोन गोष्टी स्वस्तात होतात. अ‍ॅक्शनचे स्क्रू दरवेळी त्याच टॉर्कला आवळले जातात का, ते प्रशिक्षकांसमोर तपासावे. दुसरे म्हणजे काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेला साठा) बदलून पाहावा. .२२ ची एक नळी एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये फार वेगळे ग्रुप (लक्ष्यावरचे गोळ्यांचे पुंजके) देते, आणि तेजस्विनी सावंत व स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात हे दाखवून देणारे जाणकार रेंजवरच भेटतील. रायफल पकडीत बसवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडाव्यात आणि कागद जपून ठेवावेत; ते कागद पाहिल्यावर बैठकीला हात लावायची गरज आहे की नाही, हे आर्मरर लगेच सांगू शकेल.