वाचक विचारतात: दुसऱ्यांचं आयटी सांभाळायचा धंदा

मागच्या अंकात मॅनेज्ड सर्व्हिसेसबद्दल, म्हणजे महिन्याची ठरलेली फी घेऊन दुसऱ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर, नेटवर्क, मेल, बॅकअप असं सगळं सांभाळायच्या कामाबद्दल मी दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. पाच निवडलेत. नावं कुणाचीच देत नाही.

ताई, आम्ही चौघं मिळून अकरा छोट्या कंपन्यांचं आयटी बघतो. आधी तासावर बिल करायचो, दोन वर्षांपूर्वी ठरलेल्या फीवर आलो. आता फोन थांबत नाहीत, रात्री पण मेसेज येतात आणि महिनाअखेर हातात काहीच उरत नाही. फी वाढवू की अजून क्लायंट घेऊ?

आत्ता दोन्ही नका करू. तुम्ही बिल बदललंत पण काम करायची पद्धत जुनीच राहिली, आणि हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, माझी पण पहिली दोन वर्षं यातच गेली. तासावर बिल असतं तेव्हा काही बिघडलं की पैसे येतात. ठरलेल्या फीमध्ये बरोबर उलटं, बिघडलं की तुमच्या खिशातून जातात. तोच प्रिंटर तिसऱ्यांदा बंद पडला तर आधी तिसरं बिल लागायचं, आता तिसऱ्यांदा तुमच्या माणसाचा वेळ फुकट जातो.

प्रिंटरचंच सांगते कारण ते माझ्यासमोरचं आहे. एका क्लायंटकडून तीन आठवड्यांत एकाच प्रिंटरची नऊ तिकिटं, म्हणजे तक्रारीच्या नोंदी, आली होती, आणि आमची मुलं दर वेळी रिमोटने आत जायची, प्रिंटर काढून परत टाकायची, पंधरा मिनिटांत चालू, तिकीट बंद, सगळे खूश. एकदा मी ती नऊच्या नऊ तिकिटं एकाखाली एक लावून वाचली तेव्हा दिसलं की सगळी सोमवार सकाळची आहेत, दर सोमवारी तीन जणांची. सुट्टीचे दोन दिवस प्रिंटर बंद असायचा, तेवढ्यात राउटर त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दुसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकायचा, आणि सोमवारी प्रिंटर नवीन आयपी घेऊन उठायचा, मग कॉम्प्युटर बिचारे जुन्या पत्त्यावर शोधत बसायचे. राउटरमध्ये त्या प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवला, दहा मिनिटांचं काम. त्यानंतर त्याचं एकही तिकीट नाही.

म्हणून आठवड्यातला एक तास फक्त बंद झालेली तिकिटं वाचायला ठेवा. नवीन नाही, बंद झालेली. जे सगळ्यात जास्त वेळा परत आलंय ते एक निवडा आणि मुळापासून संपवा. आठवड्याला एकच पुरे, सहा महिन्यांत तुम्हाला तुमचा फोन ओळखू येणार नाही.

दुसरं म्हणजे तास लिहा. प्रत्येक क्लायंटवर महिन्यात किती तास गेले, फोनवर बोललेली पाच मिनिटंसुद्धा, आणि मग फी भागिले तास. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती. एका क्लायंटवर चार तास गेले होते आणि जवळपास तेवढीच फी देणाऱ्या दुसऱ्यावर एकतीस, आणि आम्ही इतके दिवस त्या दुसऱ्यालाच मोठा क्लायंट समजून जपत होतो.

हा एकतीस तासांचा क्लायंट वाईट असतो असं नाही हां. बहुतेक वेळा त्याच्याकडे सामान जुनं असतं, किंवा प्रत्येक गोष्ट वेगळी असते. तुमच्या अकरा ठिकाणी फायरवॉल (बाहेरून नेटवर्कमध्ये घुसणाऱ्यांना अडवणारे) किती प्रकारचे आहेत मोजा, अँटिव्हायरस किती, बॅकअपची सॉफ्टवेअरं किती. पाच-सहा प्रकार निघाले तर तुमच्या प्रत्येक माणसाला पाच-सहा गोष्टी अर्धवट येतात आणि एकही पूर्ण येत नाही. एक फायरवॉल, एक बॅकअप, एक अँटिव्हायरस ठरवा, आणि नवीन क्लायंटला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की आम्ही यावरच काम करतो, जुनं सामान अमुक महिन्यांत बदलावं लागेल. नाही म्हणाला तर जाऊ द्या. हे लिहायला सोपं आहे, महिनाअखेरीला पैशांची ओढाताण असताना करायला फार जड जातं, मला माहितेय, पण मी ज्या-ज्या वेळी इथे ढिलं सोडलं त्या-त्या वेळी ते वर्षभर भोगलंय.

आणि फीमध्ये काय येतं, काय येत नाही हे करारात नीट लिहा. चालू असलेलं चालू ठेवणं हे फीमध्ये. नवीन ऑफिसचं वायरिंग, सर्व्हर हलवणं, वीस नवीन लॅपटॉप लावणं हा प्रोजेक्ट, त्याचं वेगळं कोटेशन. रात्रीच्या मेसेजचं पण तेच, रात्री काय चालेल आणि त्याचे किती लागतील हे लिहिलेलं असलं की अर्धे मेसेज आपोआप सकाळी यायला लागतात.

हे सगळं झालं की मग फी वाढवा, रिन्यूअलच्या वेळी, तासांचा कागद समोर ठेवून. ज्याचं तरीही जमत नसेल त्याला सोडा, पण नीट सोडा: पुरेशी मुदत, सगळे पासवर्ड, नेटवर्कचा आराखडा, लायसन्सची यादी, आणि डोमेन, म्हणजे त्यांच्या वेबसाइटचं आणि मेलचं नाव, तुमच्या नावावर असेल तर ते आधी त्यांच्या नावावर करून द्या. डोमेन अडकवून ठेवणारे लोक बघितलेत मी आणि मला त्याची खरंच चीड येते.

फी माणसावर लावावी की मशीनवर?

ऑफिसचं काम असेल तर माणसावर. एका माणसाकडे लॅपटॉप, फोन, टॅबलेट असं सगळं असतं आणि प्रत्येक वस्तू मोजत बसलात तर दर महिन्याला बिलावरून वाद. पण जिथे तीन शिफ्टमध्ये वेगवेगळी माणसं एकाच कॉम्प्युटरवर बसतात तिथे मशीनवर लावा. सर्व्हर आणि फायरवॉल दोन्हीकडे वेगळे धरा.

आमचा एक जुना क्लायंट म्हणतो, वर्षभर काहीच बिघडलं नाही, मग तुम्हाला पैसे कशाचे देतो? काय उत्तर देऊ?

त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना दिसेल असं तुम्ही काही दाखवलेलंच नाही, तर त्यांना कसं कळणार?

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं, फाइली लॉक करून खंडणी मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर पसरलं, दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटर लॉक झाले, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून ते घुसलं ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळपास दोन महिने हातात होते. ज्यांनी तो वेळेत टाकला त्यांच्याकडे त्या दिवशी काहीच घडलं नाही, आणि "काहीच घडलं नाही" यासाठीच तर कुणीतरी रात्री बसून पॅच टाकले होते. महिन्याला एक पान पाठवा, एकच. किती मशीनवर पॅच गेले, किती राहिले आणि का राहिले, कोणती डिस्क मरायच्या आधी बदलली, कुणाच्या नावाने बाहेरून लॉगिन करायचा प्रयत्न झाला. मॉनिटरिंगचे रंगीत ग्राफ नका पाठवू, कुणीही वाचत नाही.

आणि त्या पानावर सगळ्यात महत्त्वाची ओळ रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत काढण्याची. एका क्लायंटकडे आमचा बॅकअप सात महिने रोज हिरवा दिसत होता. एक दिवस हिशेबाची फाइल करप्ट झाली, आम्ही निवांत होतो, म्हटलं कालची काढून देतो. चाळीस मिनिटं रिस्टोअर चाललं, फोल्डर उघडला तर आत फक्त एक शॉर्टकट. कुणीतरी मधल्या काळात जागा कमी पडते म्हणून खरा फोल्डर नव्या डिस्कवर हलवला होता आणि जुन्या जागी शॉर्टकट ठेवला होता, आणि बॅकअप रोज इमानेइतबारे त्या शॉर्टकटचा होत होता. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने काम शंभर टक्के यशस्वी. क्लायंटच्या हिशेबनीस बाईंच्या पेनड्राइव्हवर नऊ दिवसांपूर्वीची कॉपी सापडली म्हणून वाचलो, नऊ दिवसांच्या नोंदी आमच्या दोघांनी त्यांच्या शेजारी बसून परत भरल्या. त्या बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्याचं जास्त लागलं.

तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक क्लायंटची एक खरी फाइल बॅकअपमधून काढतो, उघडतो, आणि ती ज्याची आहे त्याला दाखवून विचारतो की बरोबर आहे का. वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हर उभा करून बघतो, घड्याळ लावून. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तुमच्या क्लायंटला सांगा की मागच्या मंगळवारी तुमचा सर्व्हर आम्ही तीन तास वीस मिनिटांत परत उभा केला, मग बघा पैसे कशाचे हा प्रश्न येतो का.

एक मोठा क्लायंट मिळतोय पण त्यांना करारात ९९.९ टक्के अपटाइम आणि प्रत्येक अडचण एका तासात सोडवायची हमी हवीय. सही करू का?

तशीच्या तशी नको. अपटाइम म्हणजे सिस्टिम चालू असण्याचा वेळ. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात, त्यातला ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं, वर्षाचे पावणेनऊ तास. त्यांची इंटरनेट लाइन किंवा वीज एकदा तासभर गेली की तुमचा महिना संपला, आणि त्या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात नाहीत. म्हणून कशाचा अपटाइम, कोण मोजणार, ठरवून केलेलं मेंटेनन्स धरायचं की नाही, दुसऱ्याच्या सर्व्हिसमुळे बंद पडलं तर काय, हे सगळं लिहून घ्या. आणि सोडवायची हमी देऊ नका, उत्तर द्यायची द्या. पूर्ण ऑफिस बंद असेल तर पंधरा मिनिटांत माणूस कामाला लागेल, एकाचा माउस चालत नसेल तर दिवसभरात. त्यांनी सोडवायच्या वेळेचा फारच आग्रह धरला तर ते ध्येय म्हणून लिहा, दंड लावू देऊ नका.

आमचा सगळ्यात जुना मुलगा पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय. सगळ्या क्लायंटचे अ‍ॅडमिन पासवर्ड त्यालाच माहीत आहेत, बऱ्याच ठिकाणी तोच एक अकाउंट सगळे वापरतो. खूप भीती वाटतेय.

भीती वाटतेय हे चांगलंय, कारण हा प्रश्न त्या मुलाचा नाहीच. आपल्या धंद्यात आपण बाकी सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगून ठेवतो. २ जुलै २०२१ ला कसेया कंपनीच्या व्हीएसए नावाच्या सॉफ्टवेअरमधून हेच झालं, ते आपल्यासारखे लोक क्लायंटची मशीन रिमोटने सांभाळायला वापरायचे. डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या रेव्हिल टोळीने त्यातली भोकं वापरली, थेट फटका साठच्या आत कंपन्यांना बसला पण त्या ज्यांना सांभाळत होत्या अशा पंधराशेपर्यंत धंद्यांचा डेटा लॉक झाला. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली कारण पैसे घ्यायचं मशीनच चालेना. त्या दुकानांनी स्वतः काही चूक केली नव्हती.

तर आजपासून सुरुवात करा. प्रत्येक माणसाला स्वतःचं वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट, रोजच्या मेलच्या अकाउंटपेक्षा वेगळं, सगळ्यांवर दुसऱ्या टप्प्याचं लॉगिन (पासवर्डनंतर फोनवरचा कोड वगैरे), आणि सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या रिमोट सॉफ्टवेअरवर, कारण ते फुटलं की सगळे क्लायंट एकदम जातात. पासवर्ड टीमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, एक्सेलमध्ये नाही. तो मुलगा जाईल त्या दिवशी त्याचं अकाउंट बंद, आणि जे सामायिक पासवर्ड त्याला माहीत होते ते सगळे त्याच दिवशी बदलायचे. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, उद्या कुठे काही झालं तर संशय त्याच्यावर येऊ नये म्हणून सुद्धा, आणि हे त्याला समोर बसवून सांगा, त्याला पटेल.

आणि त्याच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणायला त्याला लिहायला बसवू नका, कामाची माणसं लिहीत नाहीत. त्याला याच आठवड्यात चार दिवस सुट्टीवर पाठवा आणि सांगा फोन बंद ठेव. बाकीचे ज्या-ज्या ठिकाणी अडतील तिथे फक्त "इथे अडलो" एवढं लिहून ठेवतील. तो परत आला की ती यादी घेऊन त्याच्या शेजारी बसा, तो करून दाखवेल, तुम्ही लिहा. मग पुढच्या आठवड्यात परत दोन दिवस सुट्टी.