बुद्धिबळातला हरलेला डाव: इंजिन लावायच्या आधी काय?

प्रश्न: गेम संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावतो, बेस्ट मूव्ह कळते, तरी रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) १२०० ला अडकलंय. असं का?

उत्तर: इंजिन चाल सांगतं, पण तुम्ही तिथं काय विचार करून दुसरंच खेळलात हे त्याला कुठून कळणार, आणि सुधारायचं तर तेच असतं ना. आधी इंजिन बंद ठेवून डाव परत लावा आणि जिथं जिथं अडलात तिथं एक ओळ लिहा, 'प्यादं फुकट वाटलं', 'त्याचा उंट दिसलाच नाही', अशी मोडकीतोडकी चालेल. मग स्टॉकफिश हे इंजिन लावा. त्याच्या आकड्यात १ म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या खेळाडूसमोर जिंकायची साधारण निम्मी शक्यता, तेव्हा ०.४ वरून ०.१ झालं तर सोडून द्या, १२०० ला त्यानं काही अडत नाही, एकदम दोन-तीननं आकडा कुठं पडला ते बघा आणि तिथं तुमचीच चाल इंजिनसमोर खेळून बघा, का वाईट होती ते आपोआप कळतं.

प्रश्न: रोज वीसेक ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) होतात, सगळे बघू का?

उत्तर: नको हो. ब्लिट्झमधून फक्त ओपनिंग (डावाची सुरुवात) कुठं फसलं ते बघा. विचार करायला वेळ होता असाच डाव नीट तपासायचा, आठवड्याला एखादा १५+१० चा (प्रत्येकाला १५ मिनिटं, दर चालीला १० सेकंद जास्त) खेळा, तेवढा पुरे.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे, टूर्नामेंटमध्ये हरली की स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) फाडायला निघते. काय करू?

उत्तर: स्कोअरशीट तुमच्याकडे घ्या आणि त्या दिवशी विषयच काढू नका. हॉलच्या बाहेर मोबाईलवर इंजिन लावून उभे असलेले पालक मी बघतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, पोरगी अजून रडतेय आणि हे तिला हुकलेली मात दाखवतायत! दुसऱ्या दिवशी तिला आवडलेल्या चालीपासून सुरुवात करा. तिची तयारी असेल तर पुढच्या वेळी डाव संपल्यावर समोरच्या मुलीबरोबरच बसू दे, तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते ऐकणं इंजिनपेक्षा भारी.

प्रश्न: एंडगेममध्ये (मोजकीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) बरोबरीचा डाव घालवतो. मोठ्यांचं पण होतं का असं?

उत्तर: होतं की! डिसेंबर २०२४, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा १४ वा डाव, स्कोअर ६.५-६.५. तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेनकडे एक प्यादं कमी होतं पण डाव बरोबरीकडे चाललेला, आणि ५५ व्या चालीला त्यानं हत्ती एफ२ (पटावरचं एक घर) वर आणून हत्तींची मारामारी (अदलाबदल) देऊ केली. समोरच्या गुकेशनं हत्ती मारला, मग उंट डी५ वर आणला, डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात, पळायला जागाच नाही, म्हणजे उंट पण गेले आणि उरली दोन प्यादी विरुद्ध एक, डाव गेला. हत्ती एफ२ ही चूक असं वहीत लिहून काही उपयोग नाही, ती पोझिशन तुम्हाला परत कधी येणार? 'मारामारीनंतर पटावर काय उरेल ते मोजलं नाही' असं लिहा. तुमचे शेवटचे दहाएक एंडगेम काढा आणि त्यात ही ओळ किती वेळा येते ते बघा, बरीच आली तर महिनाभर ओपनिंगचे व्हिडिओ बंद करून नुसते राजा-प्याद्यांचे एंडगेम करा.