जुन्या मदरबोर्डवर एसएसडी कुठल्या साटा पोर्टला लावली तर जास्त वेग मिळेल?

साटा पोर्ट म्हणजे मदरबोर्डवर डिस्कची केबल लावायची जागा. तुम्ही दोन आकडे दिलेत. पी५५ चिपसेटच्या (बोर्डवरच्या इंटेलच्या मुख्य चिपच्या) बोर्डवर इंटेलच्या ३ गिगाबिट पोर्टला वाचनाचा वेग सेकंदाला २६५ एमबी, आणि शेजारी वेगळ्या बसवलेल्या जादा चिपच्या ६ गिगाबिट पोर्टला ३५५. मग दुसराच पोर्ट घ्यावा ना, असा प्रश्न आहे.

नाही. इंटेलच्या पोर्टला लावा, बायोसमध्ये पोर्टचा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर करा आणि कामाला लागा. एवढ्यावर थांबलो असतो, खरं याच गोष्टीवरून आमच्या घरात तीन वर्षं वाजतंय.

माझं खानापुरात डीटीपीचं दुकान आहे. आमच्या भागातली लग्नपत्रिका म्हणजे नवरी नंदगडची, नवरदेव बैलहोंगलचा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यामुळे एकाच मशीनवर मराठीला श्रीलिपीही लागते आणि कन्नडला नुडीही. वर गिऱ्हाइकांनी पेनड्राइव्हमधून आणून टाकलेले फॉन्ट वेगळेच. सगळे मिळून अठराशेच्या वर फाइली, बहुतेक ऐंशी-नव्वद केबीच्या. पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ, ते उघडताना त्या सगळ्या चाळत बसतं. हार्डडिस्क होती तेव्हा गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत यायचं तरी पडद्यावर कोरलचा फुगाच.

बेळगावात खडेबाजारला आमच्या भावोजींचं कॉम्प्युटरचं दुकान. एसएसडी त्यांनीच दिली, त्यांनीच बसवली, ६ लिहिलेल्या पोर्टला. विंडोज ७ तिथंच टाकलं, त्या चिपचा ड्रायव्हरही टाकला. ३६० एमबीचा आकडा मला दाखवला, त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ताईनं त्यावर हार घातलेल्या गणपतीचं चित्र पाठवलं. झालं, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

मला मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. मशीन चालू केलं की त्या चिपची स्वतःची काळी स्क्रीन यायची, ड्राइव्ह शोधत आठ-दहा सेकंद नुसती बसायची. आणि कोरल उघडायला ४६ सेकंद. मोबाइलवर घड्याळ लावून मोजलेत, अंदाज नाही.

एका रात्री शटर ओढून केबल इंटेलच्या पोर्टला हलवली, बायोसमध्ये एएचसीआय केलं. निळा पडदा! त्यावरच्या कोडच्या शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडेना. सकाळी दहाला तीनशे पत्रिकांची फाइल प्रेसला द्यायची, बाहेर पाऊस धो धो, आणि मी टेबलाखाली तोंडात टॉर्च धरून. कारण साधं होतं: विंडोज त्या चिपच्या ड्रायव्हरवर चढलेलं, विंडोजचा स्वतःचा एएचसीआय ड्रायव्हर झोपलेला. केबल परत जुन्या जागी लावली, विंडोजच्या रजिस्ट्रीत त्या ड्रायव्हरच्या (नाव एमएसएएचसीआय) स्टार्टपुढचा ३ काढून ० केला, मशीन बंद करून केबल पुन्हा हलवली. चढलं. तुमचंही विंडोज ७ असेल तर आधी हे करा, मग केबलला हात लावा.

सलग वाचनाचा आकडा ३६० वरून २६५ वर आला. ४के, म्हणजे ४ केबीच्या सुट्या तुकड्यांचं वाचन मात्र १७ वरून २१ वर गेलं. काळी स्क्रीन बायोसमधून ती चिपच बंद केल्यावर गेली. आणि कोरल ३८ सेकंदांत.

भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "अरे, शंभरनं खाली आलंय की! पोर्टावर सहा लिहिलंय ते काय उगीच?"

उगीच नाही, अर्धवट आहे. ६ गिगाबिट म्हणजे कागदावर ६०० एमबी, कारण एका बाइटमागे दहा बिट जातात. खरं ती जादा चिप बोर्डला जोडलेली असते पीसीआय एक्सप्रेस या बोर्डच्या आतल्या रस्त्याच्या एका लेनवर. त्याच्या २.० आवृत्तीची एक लेन म्हणजे ५००, हाताला लागतात चारशेच्या आतबाहेर. त्यात पी५५ चिपसेटच्या स्वतःच्या लेन निम्म्या वेगाच्या, २५० च्या. म्हणून काही बोर्डांवर प्रोसेसरच्या लेन उसन्या घेतात आणि ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ वर येतं. तुमचा आकडा ३५५ म्हणजे तुमच्या बोर्डवरही अशीच काहीतरी उसनवारी असणार.

आणि फॉन्ट चाळताना लागतात त्या ४ केबीच्या हजारो मागण्या. तिथं वेग वीसच्या घरात, म्हणजे इंटेलच्या ३ गिगाबिटचा ३०० चा रस्ताही रिकामाच पडलेला. प्रत्येक मागणी किती लवकर फिरून येते त्यावर सगळं. प्रेसवाल्याला विचारा: ऑफसेट तासाला पाच हजार छापत असेल, पण पन्नास-पन्नास पत्रिकांची वीस कामं आली तर दिवस प्लेटा बदलण्यातच जातो. भावोजींनी आयुष्यात प्लेट बदललेली नाही, तो भाग वेगळा.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. इंटेलचा पोर्ट आयडीई मोडवर असेल तर माझं सगळं म्हणणं बाद. तिथं एका वेळी एकच हुकूम जातो, एएचसीआयमध्ये ३२ रांगेत उभे राहतात. तुम्ही व्हिडिओवाले असाल आणि एका एसएसडीवरून दुसरीवर चाळीस-चाळीस जीबी हलवत असाल, तर ३५५ वाला पोर्ट खुशाल वापरा. समोर हार्डडिस्क असेल तर त्याचाही उपयोग नाही, ती त्याहून बरीच हळू चालते. आणि बोर्ड पी५५ नसून त्यापुढच्या एच६७ किंवा पी६७ चिपसेटचा निघाला तर प्रश्नच मिटला: इंटेलचेच दोन पोर्ट ६ चे असतात, त्यातला एक घ्या. फक्त तो बोर्ड २०११ च्या अगदी सुरुवातीचा असेल तर ३ च्या पोर्टांना काही लावू नका. त्या चिपसेटमध्ये ते पोर्ट हळूहळू खराब होण्याचा दोष होता, जानेवारी २०११ च्या शेवटी इंटेलनंच तो जाहीर केला. बी३ स्टेपिंगपासून, म्हणजे त्या चिपच्या सुधारलेल्या आवृत्तीपासून, दुरुस्त झाला.

गेल्या गणपतीत शहापूरला ताईकडं गेलो होतो. भावोजींच्या बिलिंगच्या मशीनची एसएसडी अजून त्या जादा चिपलाच आहे. चालू करताना ती काळी स्क्रीन आली तेव्हा मी मोबाइलवर घड्याळ लावलं. नऊ सेकंद. भावोजी म्हणाले, "तू मोदक खा."