'विनोदी' कादंबरी आणि न आलेलं हसू

प्रश्न असा : सांगलीतल्या एका वाचकगटात भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीवर बोलणं निघालं. एकाने तिला 'विनोदी कादंबरी' म्हटलं. दुसऱ्याने 'एकदाही हसू फुटलं नाही' म्हणून ती अर्ध्यात मिटली. 'विनोदी' हा शब्द इथे चालेल का?

चालेल, पण घोटाळा करेल. संस्कृतात 'विनोद' म्हणजे मुळात दूर सारणं : वि + नुद्. त्यातूनच करमणूक, विरंगुळा हा अर्थ आला. 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति' (काव्य-शास्त्राच्या विरंगुळ्यात वेळ जातो) म्हणताना कोणी पोट धरून हसत नसतं. मराठीत मात्र विनोदी म्हटलं की हसवलंच पाहिजे. यात नाटक-कथाकथनाचा हात मोठा. हरिपूरच्या देवलांच्या 'संशयकल्लोळ'ला अख्खं नाट्यगृह हसतं. मिरासदार, शंकर पाटलांनी गावोगाव कथा सांगून माणसं लोळवली. शेजारचा हसला की आपणही हसतो. कादंबरी एकट्याने वाचायची, तिथे शेजारी कुठला?

नाट्यशास्त्रात हसण्याच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात दातही दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं, हात कुशीवर जातात. तुमच्या दुसऱ्या वाचकाला शेवटची पायरी हवी होती, 'कोसला' बहुतेकदा पहिलीवर थांबते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर बोलता बोलता 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' भलत्याच जागी घुसवतो. भारदस्त वाक्याच्या शेपटीला 'वगैरे' लागलं की त्यातली हवाच जाते. गंमत आहे ती एवढ्यात. आणि त्याची धाकटी बहीण मनी मरते तिथे हसणाऱ्यांचीही बोलती बंद होते.

मग म्हणावं काय? 'उपरोधिक' तोकडा पडतो. उपरोध म्हणजे उलटं बोलणं. तासभर उशिरा आलेल्याला 'लवकर आलात!' म्हणणं. उपहासात कोणाला तरी खाली पाडावं लागतं. आपल्या भागात त्याला 'मापं काढणं' म्हणतात. पांडुरंग जगाची मापं काढतो तशी स्वतःचीही काढतो, म्हणून नुसता 'उपहास'ही बसत नाही. मी 'तिरकस' म्हणेन. त्यात नजर आली, हसण्याची हमी नाही आली. 'विनोदी' चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला द्यावा. तिथे तो शोभतो.

पहिल्या वाचकाने 'तिरकस कादंबरी' म्हटलं असतं, तर दुसऱ्याने निदान मनीपर्यंत तरी वाचली असती.