मुंबईत गिरगावहून विमानतळाच्या टी-२ ला, म्हणजे टर्मिनल २ ला, दोघांनी दोन मोठ्या बॅगा घेऊन जायचंय. लोकल, मेट्रो की टॅक्सी?

विमान दुपारचं किंवा संध्याकाळचं असेल तर मेट्रो ३, रात्रीचं किंवा पहाटेचं असेल तर टॅक्सी. लोकलचा विचार सोडा. ऑक्टोबर २०२५ पासून ही भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे, त्यामुळे गिरगावात बसलात की न बदलता थेट टी-२. स्टेशनवर लिफ्ट आहेत, जिना चढावा लागत नाही. शिवाय माहीम-वांद्र्याकडचा ट्रॅफिक डोक्यावरून जातो, म्हणजे अक्षरशः. लोकलने अंधेरीला उतरून पुढे रिक्षा करावी लागेल, आणि गाडी अर्धा मिनिट थांबते तेवढ्यात दोन बॅगांसह उतरणं हे गर्दीच्या वेळी जमण्यातलं नाही.

मेट्रोने जाताना:
- बॅगा स्कॅनरमधून काढाव्या लागतात.
- टी-२ स्टेशन म्हणजे टर्मिनलचं दार नव्हे. तिथून पुढे बॅगा ओढत जायला वेळ राखून ठेवा.

मात्र मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री साडेदहापर्यंतच असते आणि परदेशी जाणारी बरीच विमानं नेमकी मध्यरात्रीनंतर सुटतात. तेव्हा रस्ते मोकळे असतात, टॅक्सीच बरी. फक्त काळी-पिवळी करणार असाल तर आधी डिकी उघडून बघा: सीएनजीची टाकी निम्मी जागा खाते, दुसरी बॅग कॅरियरवर बांधावी लागते. बरोबर आजी-आजोबा असतील तर वेळ कुठलीही असो, टॅक्सी.