जुन्या मासिकाचं चित्र टी-शर्टवर आणताना

भाऊ, तुझं डिझाइन पाहिलं. रहस्यकथेचा विषय झकास आहे, पण चित्र एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून उचललंय, ते काढ. ते मुखपृष्ठ काढणारे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चित्रावरचा कॉपीराइट राहतो. कंदील धरलेला हात, अर्धवट उघडं दार, असं काही स्वतः काढ.

आधी रद्दीवाल्याकडून पन्नास-साठच्या दशकातले दोन-चार अंक घे आणि भिंगाखाली धर. गालावरची सावली म्हणजे नुसते ठिपके असतात, आणि लाल रंग काळ्या रेषेबाहेर केसभर सरकलेला असतो. तो सरकलेपणा मला फार आवडतो, तोच जुनेपणा आहे. वरून ओरखडे टाकू नकोस, ते खोटे दिसतात.

रंग तीनच ठेव: विटकरी, मोहरी, काळा. कापड पांढरंशुभ्र नको, सायीच्या रंगाचं घे. कागदाचं काम तेच करतं. हाफटोन, म्हणजे सावलीचे ते ठिपके, इंचाला ३५ ते ४५ ओळींचा ठेव, त्याहून बारीक ठिपके कापडावर भरून जातात. मथळ्याची अक्षरं मात्र हातानेच काढ. शिरोरेषा जाड, वेलांटी ऐटदार. कॉम्प्युटरचा फॉन्ट लगेच ओळखू येतो.

स्क्रीन प्रिंटिंगला, म्हणजे जाळीतून छापायला, पाण्याची शाई वापरणार असशील तर जळगावच्या मे महिन्यात दुपारी छापू नको. दोन शर्ट होईतो जाळीतच वाळते, माझी जाळीची एक अख्खी फ्रेम अशीच गेली. पहाटे बस, शेजारी पाण्याचा फवारा ठेव.