पगार आधी, डिव्हिडंड शेवटी : बेळगावच्या उद्यमबागेतल्या नव्या डायरेक्टरला पत्र

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. कंपनीचं दुसरंच वर्ष आणि दोघा भावंडांनी मिळून नफ्यात आणली, मनापासून बरं वाटलं. आता तू विचारतेस की काका, घरी पैसे न्यायचे कसे, लंडनचा मावसभाऊ म्हणतोय पगार नावाला ठेवा आणि बाकी सगळा डिव्हिडंड (शेअरहोल्डरला नफ्यातून मिळणारा वाटा) घ्या, टॅक्स वाचतोय. फोनवर सांगितलं तर आकडे डोक्यात राहत नाहीत म्हणून लिहून पाठवतोय, दादालाही वाचायला दे.

मावसभाऊ चुकीचं सांगत नाही, तो तिथलं सांगतोय. तिकडं पगारावर इन्कम टॅक्सशिवाय नॅशनल इन्शुरन्स म्हणून वेगळी वसुली असते, २०२५-२६ ला ५,००० पाउंडांच्या वरच्या पगारावर मालकानं १५% आणि १२,५७० च्या वर कामगारानं ८%, आणि डिव्हिडंडवर ही वसुली नाहीच. वर त्या वर्षी डिव्हिडंडचा टॅक्स दर खालच्या टप्प्यात ८.७५%, छोट्या नफ्यावर कंपनीचा टॅक्स १९%. म्हणून तिथले छोटे डायरेक्टर पगार १२,५७० पाउंडांपर्यंत ठेवतात आणि उरलेलं डिव्हिडंड म्हणून उचलतात. त्यांच्या कायद्यात ते बसतंय. आपल्याकडं नॅशनल इन्शुरन्स नाही आणि डिव्हिडंडला स्वस्त दरही नाही, म्हणून तो फॉर्म्युला इथं आणला की उलटा पडतोय.

उद्यमबागेत जुने कारखानदार अजून म्हणत्यात की डिव्हिडंड हातात टॅक्स-फ्री येतो. तेही एके काळी खरं होतं. तेव्हा कंपनीच डिव्हिडंडवर २०.५६% च्या आसपास वेगळा टॅक्स भरायची आणि शेअरहोल्डरला १० लाखांपर्यंत काही द्यावं लागायचं नाही. १ एप्रिल २०२० पासून ते बंद झालं. आता कंपनी आधी आपल्या नफ्यावर टॅक्स भरते, उरलेल्यातून डिव्हिडंड देते, आणि तो तुझ्या बाकीच्या उत्पन्नात मिसळून तुझ्या स्लॅबनं परत टॅक्स लागतोय. म्हणजे एकाच रुपयावर दोनदा. पगाराचं तसं नाही, पगार कंपनीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतोय आणि टॅक्स एकदाच, तोही तुझ्या स्लॅबनं.

आता तुमचे आकडे घेऊ. तुम्हा दोघांना एक रुपयाही न देता नफा ३० लाख आहे असं धर. तुमच्या ऑडिटरनी कंपनीला इन्कम टॅक्सच्या ११५बीएए या कमी दराच्या कलमात घातलंय, म्हणजे २२% अधिक सरचार्ज आणि सेस धरून २५.१६८%. पगार शून्य ठेवून सगळा डिव्हिडंड घेतलात तर कंपनीचा टॅक्स ७,५५,०४० रुपये, उरले २२,४४,९६०, प्रत्येकी ११ लाख २२ हजार, त्यावर नव्या टॅक्स रिजीममध्ये रिबेटमुळे (ठरावीक उत्पन्नापर्यंत टॅक्स पूर्ण माफ) तुम्हाला टॅक्स नाही. ऐकायला छान वाटतंय, पण साडेसात लाख आधीच गेलेत.

त्याऐवजी दोघांना पगार लाव, प्रत्येकी १२ लाख ७५ हजार वर्षाला. ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन जातंय, उरले १२ लाख, तिथंपर्यंत रिबेट आहे, तुमचा दोघांचा टॅक्स शून्य. कंपनीत नफा उरला साडेचार लाख, त्यावर टॅक्स १,१३,२५६. झालं, एवढंच! साडेसात लाख कुठं आणि सव्वा लाखाच्या आतला आकडा कुठं. फरक ६ लाख ४१ हजारांचा पडला, आणि हे काही पळवाट काढून नाही, कायद्यानं सरळ दिलंय ते घेतलं.

मग दादा म्हणेल, ते साडेचार लाख तरी कंपनीत कशाला ठेवायचे, तेही पगारातच घालू, १५-१५ लाख करू. इथं थांब. १५ लाख पगार झाला की टॅक्सपात्र उत्पन्न १४ लाख २५ हजार, रिबेट गेला, आणि टॅक्स ४ लाखांपासून पुढं सगळ्या टप्प्यांचा बसला, ४ ते ८ लाखांवर ५%, ८ ते १२ वर १०%, पुढं १५%, सेससकट प्रत्येकी ९७,५००. म्हणजे २ लाख २५ हजार जास्त न्यायला जवळजवळ एक लाख द्यायचे. तेच पैसे कंपनीत राहिले तर २५% च. (टॅक्सपात्र उत्पन्न बारा लाखांच्या थोडंसंच वर गेलं तर मार्जिनल रिलीफ आहे, टॅक्स वरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, पण म्हणजे वरचं सगळं तिकडंच जातंय.) म्हणून १२.७५ ला थांबायचं आणि घरात खरंच गरज असेल तरच पुढं जायचं. उद्या धंदा मोठा झाला आणि जास्त लागायला लागले तरी पगारानंच न्यायचे, कारण २४ लाखांच्या वर पगारावर ३१.२% जातात आणि तोच रुपया डिव्हिडंडच्या वाटेनं आणलास तर कंपनीचा आणि तुझा मिळून ४८% च्या वर जातात.

कंपनीत थोडा नफा दिसू दे असं मी म्हणतोय त्याला दुसरं कारण बँक आहे. पुढच्या वर्षी तुम्हाला अजून एक व्हीएमसी मशीन घ्यायचंय, मोठ्या कंपनीच्या जॉबवर्कचं पेमेंट दोन-तीन महिन्यांनी येतंय, सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या उचलीची मर्यादा) वाढवून मागायला जाशील तेव्हा मॅनेजर पहिल्यांदा बॅलन्स शीटमधला नफा आणि रिझर्व्ह बघतोय. सगळं पगारात काढून नफा शून्य दाखवलेल्या कंपनीला कोण लिमिट वाढवून देणार?

आता पगार लावायचा म्हणजे मार्चला ऑडिटरकडं बसून एक एन्ट्री मारायची असं नको. एप्रिलच्या आधी बोर्डाचं रिझोल्यूशन करा, कोणाला किती आणि कुठल्या कामासाठी ते लिहा, दर महिन्याला बँकेतून खात्यावर जमा करा. पगाराचा टीडीएस (आधीच कापून भरायचा टॅक्स), त्याचं तिमाही रिटर्न २४क्यू, पगाराचा दाखला फॉर्म १६, हे कामगारांचं करता तसंच तुमचंही. कर्नाटकचा प्रोफेशन टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीला ३००, तोही कापायचा. आणि पगार कामाला शोभणारा पाहिजे, कारण नात्यातल्या माणसाला बाजारापेक्षा जास्त दिलं तर इन्कम टॅक्सच्या ४०ए(२) कलमाखाली जास्तीचा खर्च नामंजूर करता येतोय. तू कोटेशन, खरेदी, क्वालिटी सगळं बघतेस, दादा शॉप चालवतोय, तेव्हा तुमच्या जागी बाहेरचा मॅनेजर ठेवला असता तर काय मागितलं असतं तो विचार करून आकडा ठरवा आणि तो विचार कागदावर ठेवा. प्रायव्हेट कंपनीला कंपनी कायद्यात डायरेक्टरच्या पगाराची नफ्याच्या ११% ची मर्यादा नाही, ती पब्लिक कंपनीला. पगाराऐवजी ‘डायरेक्टर फी’ नाव दिलंत तर मात्र टीडीएस १०% आणि वर कंपनीला रिव्हर्स चार्जनं, म्हणजे घेणाऱ्यानंच भरायचा, जीएसटी, ते उगाच ओढवून घेऊ नका.

एनपीएसचं (नॅशनल पेन्शन सिस्टीम) बघून ठेव. कंपनीनं तुमच्या बेसिकच्या १४% पर्यंत एनपीएसमध्ये भरलं तर नव्या रिजीममध्येही ते वजा मिळतंय, बेसिक ९ लाख असेल तर १ लाख २६ हजार. पैसे लांब अडकतात हे खरं, पण तुमचं वय बघता मला ते बरंच वाटतंय.

बाबांकडं येतो. शेड बाबांच्या नावावर आहे आणि कंपनी फुकट वापरतेय, हे मला पटत नाही. उद्यमबागेतल्या चालू दरानं भाडं लाव, रीतसर करार कर. समज वर्षाला ६ लाख भाडं झालं, तर कंपनीचा खर्च ६ लाख, आणि बाबांना त्यातले ३०% सरसकट वजा जाऊन ४ लाख २० हजारच उत्पन्न धरलं जातंय, त्यांचं बाकी फारसं काही नसेल तर टॅक्स काहीच नाही. महिन्याला ५० हजारांच्या वर गेलं तर टीडीएस कापायचा. बाबांचा जीएसटी नंबर नाही म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८% कंपनीनं स्वतः भरायचा, पण तो क्रेडिटला मिळतोय, म्हणजे कंपनीच्या पुढच्या जीएसटीतून वजा होतोय.

आणि बाबांनी सुरुवातीला मशीनसाठी जे पैसे घातले ते बॅलन्स शीटमध्ये कुठं बसलेत ते बघ. शेअर कॅपिटलमध्ये असतील तर सहज परत येत नाहीत. लोन म्हणून असतील तर ती परतफेड म्हणजे उत्पन्नच नाही, एक पैसा टॅक्स नाही. फक्त पैसे स्वतःचेच असल्याचं त्यांचं लेखी डिक्लरेशन फाईलला हवं, आणि बँकेनं टर्म लोन देताना घरच्यांचं लोन काढणार नाही असं लिहून घेतलं असेल तर तोपर्यंत हात लावायचा नाही.

वहिनीला पगार लावायचा विषय दादा काढणारच. ती खरंच कामाला येत असेल, त्या कामाचं शिक्षण असेल आणि पगार त्याच कामाचा असेल तर जरूर लावा. नुसतं नाव घातलं तर दादाचे शेअर २०% च्या वर आहेत, तो पगार दादाच्याच उत्पन्नात धरला जाणार. दादानं शेअर बक्षीस दिले तरी त्यांचा डिव्हिडंड दादाचाच. तिनं स्वतःच्या पैशानं शेअर घेतले तर तिचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे दोनदा वाच. कंपनीच्या खात्यातून नाव न लावता पैसे उचलायचे नाहीत. बाबांच्या दुकानात गल्ल्यातून घेतलं तरी चालत होतं, कारण धंदा आणि बाबा एकच. कंपनी म्हणजे तू नव्हे. माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं मुलीच्या लग्नाला कंपनीतून १८ लाख उचलले, ‘ॲडव्हान्स’ म्हणून टाकले, नंतर प्रामाणिकपणे सगळे परत भरले. पण त्याचे शेअर १०% च्या वर आणि कंपनीत साठलेला नफा त्याहून जास्त, त्यामुळं इन्कम टॅक्सच्या २(२२)(ई) कलमाखाली ते १८ लाख डिव्हिडंड धरले गेले, स्लॅबनं टॅक्स, व्याज, कंपनीनं टीडीएस कापला नाही म्हणून तिच्याही मागं लागलं. परत भरले म्हणून सुटत नाही, सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्येच तारुलता श्याम केसमध्ये ते सांगून ठेवलंय. लेकीच्या लग्नाचे पैसे होते रे ते, उधळले नव्हते, तरी उपयोग झाला नाही. त्या माणसाची झोप उडालेली मी बघितली आहे म्हणून तुला इतकं जीव तोडून सांगतोय. कंपनी कायद्यातही डायरेक्टरला कर्ज द्यायला बंधनं आहेत ती वेगळीच. फोनचं बिल, पेट्रोल, घरचा फ्रिज, काहीही असो, कार्ड स्वाइप करायच्या आधी हे पगार, भाडं, व्याज, परतफेड की कंपनीचा खरा खर्च, ते ठरव. यातलं काहीच नसेल तर पगाराची वाट बघ.

डिव्हिडंड कधीच घेऊ नये असं नाही. बाहेरचा कोणी पार्टनर आला, तो काम करत नाही पण भांडवल त्याचं, त्याला पगार देता येत नाही, तिथं डिव्हिडंडच. तेव्हा जाहीर केल्यापासून ५ दिवसांत वेगळ्या बँक खात्यात रक्कम टाकायची, ३० दिवसांत वाटायची, आणि वर्षाला १० हजारांच्या वर गेलं की १०% टीडीएस.

तू शिनोळीला शेड बघून आलीस म्हणे. इन्कम टॅक्स इकडं-तिकडं एकच, त्यात काही फायदा-तोटा नाही. पण ते महाराष्ट्रात, जीएसटीचा वेगळा नंबर लागणार, इथून तिथं माल हलवला तरी आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) बिल, तिथल्या कामगारांचा प्रोफेशन टॅक्स त्यांच्या नियमानं. वीज आणि जागेचा दर बघून ठरवा, टॅक्ससाठी म्हणून तिकडं जाऊ नका.

सेक्शनचे आणि फॉर्मचे नंबर मी जुन्या कायद्याचे टाकलेत, सगळ्यांच्या तोंडात तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, त्यात नंबर बदललेत, आणि माझे आकडे २०२५-२६ च्या स्लॅबचे आहेत, तेव्हा पुढच्या वर्षांना ऑडिटरकडून स्लॅब विचारून मगच पगाराचा आकडा टाक. तुमचं दोघांचं रिटर्नही आता आयटीआर-१ मध्ये चालत नाही, डायरेक्टर झालात म्हणून.

रिझोल्यूशनचा मराठी कच्चा मसुदा मी करून ठेवलाय, रविवारी टिळकवाडीला घरी ये, ऑडिटरकडं न्यायच्या आधी दोघं बसून बघू. येताना दोन्ही वर्षांची बॅलन्स शीट आणि बाबांच्या पैशाचं लेजर घेऊन ये.

तुझा,
काका